आप्पा आणि सेल्सचा मुलगा यांचं जमत नाही, पुण्याचं गिऱ्हाईक पैसे वेळेत देत नाही. सल्ला हवा आहे

हळदीचं_जातं

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथं नुसतं वाचते आहे, लिहायला आज पहिल्यांदा बसले.

मी सांगलीची. सासऱ्यांचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान होतं. ते गेल्यावर दुकान दिरांनी सांभाळलं आणि मी सहा वर्षांपूर्वी कुपवाडला गाळा घेऊन हळद दळून पाकिटं भरायला सुरुवात केली. आता महिन्याला नऊ टन माल जातो. पॅकिंगला आठ बायका, एक टेम्पोवाला, दळपावर आप्पा, आणि दीड वर्षापासून सेल्सला एक मुलगा. मिस्टर नोकरीत, ते रविवारी हिशेब बघतात. बाकी सगळं मी.

आप्पा सासऱ्यांच्या हाताखाली अठरा वर्षं होते. मी युनिट काढलं तेव्हा सासूबाईंनीच त्यांना माझ्याबरोबर पाठवलं. यार्डातल्या सौद्याला, म्हणजे हळदीच्या लिलावाला, तेच जातात, माल तेच पसंत करतात, चक्कीही तेच बघतात. मुलगा एमबीए झालेला, बोलायला चांगला, कष्टाळू. पुण्याचं मोठं गिऱ्हाईक त्यानंच आणलं. आज साडेपाच टन माल तिकडंच जातो.

गेल्या महिन्यात त्या गिऱ्हाइकानं किलोला सहा रुपये कमी मागितले. मुलानं फोनवरच हो म्हटलं आणि आप्पांना सांगितलं, निम्म्या मालात कमी दराची परपेठ, म्हणजे बाहेरच्या बाजारातून आलेली, हळद घाला. आप्पांनी चक्की बंद केली आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "मालकांच्या काळात असलं कधी झालं नाही, माझ्या हातून होणार नाही." मुलगा तसाच बाहेर पडला. दोन दिवसांनी आला आणि मला म्हणाला, एक तर आप्पा नाहीतर मी.

तेव्हापासून पॅकिंगच्या बायका त्याच्याशी बोलत नाहीत. डबा खायला तो बाहेर टपरीवर जातो. मला रात्री झोप लागत नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. दोघांतल्या कुणाला सांभाळू? पुण्याचे पैसे शंभर शंभर दिवस येत नाहीत, त्याचं काय करू? आणि मुलगा म्हणतो महिन्याला ४० हजार इन्स्टाग्रामच्या जाहिरातीला घाला, ते करावं का?

कुपवाड_लेथ

ताई, मी तुमच्या शेजारचाच, लेथचं काम आहे. तुमच्या तिन्ही प्रश्नांआधी माझा एक प्रश्न. पुण्याच्या मालात किलोमागं तुम्हाला उरतं किती? व्याज, परतीचा माल, कापाकापी सगळं धरून. बिलावरचा फरक सांगू नका, हातात पडणारा आकडा सांगा.

मिरजेची_लेक

मी वीस वर्षं कारखान्यांत मनुष्यबळ विभागात काम केलंय. तुम्हाला एकच विचारते: त्या मुलाला कमिशन कशावर देता? माल गेला की, का पैसे आले की?

हळदीचं_जातं

कमिशन माल गेला की. किलोला दीड रुपया.

आकडे देते, जीएसटी सोडून. हळद, दळप, घट, पाकीट, मजुरी, भाडं धरून किलोला १९५ पडतात. त्यात कमिशन धरलेलं नाही. पुण्याला २१५ नं जाते. ते डिस्प्लेचे म्हणून ३ टक्के कापतात आणि तारीख जवळ आलेला माल परत करतात, तो साधारण २ टक्के. सीसीवर, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर, व्याज १२ टक्के.

उरलेले साडेतीन टन सांगली, मिरज, तासगाव, पलूस, विटा इथल्या किराणा दुकानांत. तिथं २३५ मिळतात, पैसे पंधरा दिवसांत. टेम्पो आणि कमिशन मिळून १५ रुपये खर्च. सीसीची मर्यादा ४५ लाख आहे, जवळपास भरलेली असते.

हिशेबनीस

ताई, वही घेऊन बसा, माझ्याबरोबर मांडा.

पुणे. २१५ मधून १९५ गेले, उरले २०. शंभर दिवसांचं व्याज किलोमागं ७ रुपये. डिस्प्लेचे ६ रुपये ४५ पैसे. परतीचे ४ रुपये ३० पैसे. उरले सव्वादोन. त्यातून दीड रुपया मुलाचं कमिशन. तुमच्या हातात सत्तर-पंच्याहत्तर पैसे. साडेपाच टनांवर महिन्याला चार हजार रुपये. त्याच मालावर मुलाला मिळतात ८,२५०.

किराणा. २३५ मधून १९५ आणि १५ गेले, पंधरा दिवसांचं व्याज रुपया-सव्वा रुपया. उरले जवळजवळ २४. साडेतीन टनांवर महिन्याला ८३ हजारांच्या वर.

म्हणजे युनिट चालतंय ते पलूस-विट्याच्या दुकानदारांवर. पुण्यात तुमचे शंभर दिवसांचे मिळून ३९ लाख अडकून पडलेत, त्यावर महिन्याला चार हजार. सहा रुपये कमी केलेत तर किलोमागं पाच रुपये पदरचे जातील. म्हणूनच परपेठ घालायची वेळ आली. मुलाला दुष्टबुद्धी झाली असं मी म्हणणार नाही. ते गणित दुसऱ्या कुठल्या रीतीनं बसतच नव्हतं.

हळदीचं_जातं

वही समोर आहे. तीनदा मांडून बघितलं. मिस्टरांना दाखवलं, तेही गप्प बसले. आम्ही दोघं पुण्याच्या बिलाचा आकडा बघून खूश व्हायचो.

पेवकर

हरिपूरचा आहे. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव, आणि एके काळी सांगलीची हळद आमच्या गावच्या पेवांत राहायची. जमिनीत खोल खड्डा, आतून लिंपलेला, वरून तोंड बंद. हवा नाही म्हणून कीड नाही. वर्षानुवर्षं हळद टिकायची. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे, आतली कोंडलेली हवा जाईपर्यंत थांबायचं.

आमच्या घरची सगळी हळद पेवात असायची. वडील म्हणायचे, याच्याइतकी सुरक्षित जागा नाही, आणि दोन पिढ्या ते खरंच होतं. २००५ च्या महापुरात पाणी गावात शिरलं आणि पेवांत उतरलं. वर्षभराचा माल कुजला. वडिलांना त्यातून सावरायला सहा वर्षं लागली. घरात निम्मा माल गोदामात असता तर निम्मं तरी वाचलं असतं, हे ते शेवटपर्यंत बोलत राहिले.

ताई, तुमचा साठ टक्के माल एकाच पेवात आहे. ते गिऱ्हाईक आज चांगलं आहे का वाईट, हा मुद्दा नाही. त्यांनी उद्या हळद स्वतःच्या नावानं दुसरीकडून भरून घेतली, तर तुमच्या आठ बायकांपैकी पाच जणींना घरी बसावं लागेल. पाणी चढायच्या आधी माल हलवा.

कुपवाड_लेथ

वसुलीचं सांगतो, कारण मी स्वतः यातून गेलोय.

तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, असेलच. उलाढाल अडीच कोटींच्या आसपास दिसते, म्हणजे तुम्ही सूक्ष्म उद्योगात बसता. दळून पाकीट भरणं हे उत्पादन आहे, नुसता व्यापार नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे, कारण उशिराच्या पैशांबद्दलचं संरक्षण नुसत्या व्यापाऱ्याला मिळत नाही. एमएसएमई कायदा म्हणतो की लेखी करार असला तरी ४५ दिवसांपुढं पैसे थांबवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवस. त्यापुढं रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाईन करता येते, ती राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडं जाते.

तर नोटीस पाठवा. माझे सव्वाचार लाख एका कारखान्याकडं अकरा महिने अडकले होते, तक्रार दाखल केल्यावर दोन महिन्यांत आले.

यार्डातला

लेथवाले, तुमचे पैसे आले, पण त्या कारखान्याचं काम पुन्हा आलं का? ते सांगा की ओ.

कुपवाड_लेथ

नाही आलं.

यार्डातला

मग. ताईंचे ३९ लाख तिकडं आहेत. आज नोटीस गेली तर उद्या माल बंद, आणि "तुमचा माल परत न्या" म्हणून गाडी दारात. तारीख संपत आलेली चार टन हळद घेऊन ताई कुठं जातील? कायदा खरा आहे, पण भांडणाच्या आधी हात मोकळा करावा लागतो. आधी तिथला माल कमी करा, थकबाकी निम्म्यावर आणा, मग कायद्याचं बोला.

हिशेबनीस

दोघांच्या मधला एक रस्ता आहे. २०२४ पासून आयकरातही बदल झालाय. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही आणि मार्चअखेर ते थकलेलं राहिलं, तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. म्हणजे तुमचे बारा-पंधरा लाख ३१ मार्चला थकले तर त्यांच्या नफ्यात तेवढी भर पडते आणि त्यावर कर बसतो. ज्या वर्षी पैसे देतील त्या वर्षी वजावट मिळते, पण तोवर कराचे पैसे गेलेले असतात.

त्यांच्या खरेदीवाल्या माणसाला याची काळजी नसते, त्यांच्या अकाउंट्सवाल्याला असते. म्हणून आजपासून प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. जानेवारीअखेर त्यांच्या अकाउंट्सला साधं, गोड पत्र पाठवा: आम्ही सूक्ष्म उद्योग आहोत, प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे, मार्चअखेर थकबाकी इतकी दिसते. धमकीचा एक शब्द नको. फेब्रुवारीत ते पत्र त्यांच्या ऑडिटरच्या टेबलावर आपोआप जाईल.

मिरजेची_लेक

आता माणसांचं. हे थोडं लांब होईल, पण मला यातलंच जास्त कळतं.

तुम्ही विचारता, दोघांतल्या कुणाला सांभाळू. मला ते भांडण त्या दोघांचं वाटतच नाही. तुमची हळद कसली आहे, हे ठरवायचं काम तुमचं होतं. स्वस्त आणि भरपूर, की सांगलीच्या सौद्यातली निवडक? सहा वर्षांत ते कुणी ठरवलं नाही. आप्पांनी मनाशी एक ठरवलं, सासऱ्यांच्या काळावरून. मुलानं दुसरं ठरवलं, तुम्ही दिलेल्या कमिशनवरून. त्याला तुम्ही दर महिन्याला पैशांनी सांगत होता की किलो महत्त्वाचे. तो तेच करत होता. तुमचा राहिलेला निर्णय त्या दोघांच्या अंगावर पडलाय.

हे तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. मी एका कारखान्यात हेच बघितलंय. उत्पादनवाले आणि विक्रीवाले वर्षभर भांडत होते, दोन चांगली माणसं सोडून गेली, आणि शेवटी कळलं की मालकानं एकाला दर्जावर बोनस लावला होता आणि दुसऱ्याला संख्येवर. त्या दोन माणसांची नावं मला अजून आठवतात.

म्हणून आधी ठरवा, मग बोला. आणि बोलताना दोघांना समोरासमोर बसवू नका. मुलाचा अपमान चारचौघांत झालाय. आप्पांचं म्हणणं बरोबर असलं तरी रीत चुकली, आणि हे आप्पांना तुम्हीच एकट्यानं सांगायला हवं. माणूस वडीलधारा आहे म्हणून टाळू नका. सासऱ्यांनी सांगितलं असतं तसं सांगा. मुलाशी वेगळं बोला आणि त्याला आधी हिशेबनीसांचा हिशेब दाखवा. त्याला तो कुणी दाखवलेला नसणार.

कमिशन आलेल्या पैशांवर करा. दर थोडा वाढवून द्या, म्हणजे त्याला शिक्षा झाल्यासारखं वाटणार नाही.

आणखी एक. तुमच्याकडं मिळून अकरा माणसं आहेत. दहा झाली की ग्रॅच्युइटी लागू होते, आणि महिलांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीही नेमावी लागते. आप्पांचा पगार किती?

हळदीचं_जातं

वीस हजार. आणि ताई, तुमचं वाचून अर्धा तास नुसती बसून राहिले. खरं आहे.

हिशेबनीस

पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. वीस हजार मूळ पगार धरला तर तुमच्याकडच्या सहा वर्षांचे ६९ हजार होतात. दुकानातली अठरा धरली तर २ लाख ७७ हजारांच्या जवळ. जुन्या वर्षांचं कायद्यानं कसं धरायचं ते वकिलाला विचारा आणि दिरांशीही बसा. पण आप्पांच्या मनात ती चोवीसच वर्षं आहेत, एवढं लक्षात ठेवा.

यार्डातला

मी सौद्याला रोज असतो, त्यामुळं आप्पांसारखी माणसं बघितलीत. नाव न घेताही कदाचित ओळखत असीन.

ढिगावर जायचं, मूठभर हळकुंडं उचलायची, एक मोडायचं. टणक मोडलं, आवाज आला, आत गाभा नारिंगी दिसला तर माल वाळलेला. चिवट वाकलं तर ओल हाय, चार महिन्यांत जाळी धरणार. नुसत्या वरच्या पिवळ्या चकाकीवर कधी जायचं न्हाई, ती पॉलिशची बी असती. राजापुरी कुठली, सेलम कुठली, बाहेरून आलेली कुठली, हे जुनी माणसं डोळं मिटून सांगत्यात. हे शिकायला दहा वर्षं लागत्यात ओ. एमबीएच्या पोराला ते येत न्हाई यात त्याची चूक न्हाई, पर तुमच्या पाकिटात नेमकं तेच भरलेलं हाय. बाकी चक्की काय, कुपवाडला पन्नास जणांकडं हाय.

त्या पोराला आठ दिवस सकाळी आप्पांबरोबर सौद्याला पाठवा. आणि आप्पांना एक दिवस पोराबरोबर लाईनीवर पाठवा, दुकानदार काय ऐकवतो ते त्यांनाबी कळू दे.

पलूसचा

आमच्या तालुक्यातलंच उदाहरण देतो. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, पण लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर त्याआधीचा, बेळगावचा. लोखंडानं जमीन विषारी होते असं शेतकरी मानायचे. पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली. वस्तू चांगली होती, तरी दोन वर्षं.

जाहिरातीचं विचारलंत म्हणून हे आठवलं. लोकांचा अविश्वास नेमका कशावर आहे ते आधी शोधायला हवं. हळदीत आज लोकांना भीती आहे ती भेसळीची, रंगाची. बाजारात लेड क्रोमेट घातलेली, मेटॅनिल यलो घातलेली हळद सापडते हे बायकांनी वाचलेलं असतं. तुमचं पाकीट नुसतं "शुद्ध" म्हणतं, तसं प्रत्येकाचंच म्हणतं. ४० हजार घालून तोच शब्द मोठ्यानं सांगण्यापेक्षा, एखादी गोष्ट दाखवता येईल का?

विश्रामबागेतून

दाखवता येते की! पेल्यात पाणी घ्या, वर चमचाभर हळद सोडा, हलवू नका. चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. रंग घातलेली असेल तर पाणी गडद पिवळं होतं. आमच्या महिला मंडळात मी हे करून दाखवलं होतं, पंचवीस जणींनी घरी जाऊन आपापली हळद तपासली.

आणि ताई, आता मार्गशीर्ष चाललाय. संक्रांत महिन्यावर आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सांगली-मिरजेत घराघरांत हळदीकुंकू असतं आणि प्रत्येक घरी वाण काय लुटायचं हा प्रश्न असतो. प्लास्टिकच्या वाट्या नि गाळण्या घेऊन आम्ही कंटाळलो. ५० ग्रॅम हळदीची छोटी कापडी पिशवी करा, दोरी ओढायची. हळदीकुंकवाला हळदच वाण! एका घरात तीस बायका येतात. प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात तुमची हळद पोचते, तीही शेजारणीच्या हातून. इन्स्टाग्रामला ते जमणार नाही.

पेवकर

पिशवीवर "सांगलीची हळद" लिहिणार असाल तर एक पथ्य. सांगलीच्या हळदीला २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालंय. ते चिन्ह पाकिटावर वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. ती करून घ्या, खर्च फार नाही. आणि एकदा ते लिहिलं की परपेठचा एक दाणाही चालणार नाही. बाहेरची हळद विकणं गुन्हा नाही, चांगलीही असते ती. पण ती सांगलीच्या नावाखाली विकणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं आणि इथल्या शेतकऱ्याचा दर पाडणं.

स्वतःच्या नावाचा ट्रेडमार्कही ३० क्रमांकाच्या वर्गात टाका, मसाले त्यात येतात. छोट्या उद्योगाला ऑनलाईन अर्जाची फी साडेचार हजार आहे. नावात नुसतं "सांगली" आणि "हळद" असेल तर मिळायला अडचण येईल, सगळ्यांच्या वापरातले शब्द एकट्याला देत नाहीत.

कुपवाड_लेथ

यार्डातल्यांचं मला पटलं. आधी थकबाकी उतरवा. मी नोटीस लवकर सांगितली.

हळदीचं_जातं

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं: आमची हळद सौद्यातलीच राहणार, परपेठ नाही. पुण्याला कळवलं की २१५ च्या खाली जमणार नाही. उद्या आप्पांशी बोलते. त्याचीच सगळ्यांत जास्त भीती वाटते.

हळदीचं_जातं

(आठ आठवड्यांनी)

लिहायला उशीर झाला, संक्रांतीच्या गडबडीत होते.

आप्पांशी बोलले. म्हटलं, तुम्ही चक्की बंद केलीत ते बरोबर केलंत, पण त्या पोराला बायकांसमोर बोललात ते मला आवडलं नाही. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मालक असते तर त्यांनीबी हेच म्हटलं असतं." दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी टपरीवर स्वतः गेले आणि त्याला घेऊन आले. काय बोलले ते दोघांनीही सांगितलं नाही.

मुलाला वही दाखवली. तो खरंच हादरला. त्याला वाटत होतं की पुण्याच्या मालावर आम्हाला लाखभर सुटतात आणि आम्ही त्याला दीड रुपया देतो. आकडे लपवल्यानं किती गैरसमज वाढतो, हे मला तेव्हा कळलं. आता कमिशन आलेल्या पैशांवर, दर थोडा वाढवून. तो आप्पांबरोबर सहा दिवस सौद्याला गेला. चौथ्या दिवशी त्यानं निवडलेला ढीग आप्पांनी मोडून बघितला आणि नको म्हणाले, का ते समजावून सांगितलं. आप्पा एकदा पलूस-विट्याच्या लाईनीवर गेले. येताना म्हणाले, दुकानदार फार हिणवून बोलतात, पोरगं रोज ऐकून घेतं.

पुण्याचं सगळं सरळ झालेलं नाही. सहा रुपये द्यायचे नाहीत म्हटल्यावर त्यांनी ऑर्डर साडेतीन टनांवर आणली. पहिले आठ दिवस पोटात गोळा होता. पत्र त्यांच्या अकाउंट्सला गेलं, फोन आला, प्रमाणपत्राची प्रत पुन्हा मागितली, आणि १४ लाख जमा झाले. डिस्प्लेचे पैसे कापणं मात्र सुरूच आहे, त्यावर ते ऐकायला तयार नाहीत. मार्चनंतर तो माल ठेवायचा का, हे बघणार आहे. सीसी चार वर्षांत पहिल्यांदा तीस लाखांच्या खाली आली.

वाणाच्या पिशव्या अकराशे गेल्या. कल्पना विश्रामबागेच्या ताईंची, पण विकल्या आमच्या पॅकिंगच्या बायकांनी, आपापल्या गल्लीत. पेल्यातल्या पाण्याचा प्रयोगही त्याच करून दाखवायच्या. मी त्यांना पिशवीमागं पाच रुपये दिले. त्यांतल्या एकीनं एकटीनं तीनशे विकल्या, आणि ती सहा वर्षं माझ्याकडं फक्त पाकिटांना सील मारत होती. आता शहरातल्या दुकानांची लाईन तिला देऊन बघते. फोनवरून पुन्हा मागणी साठ-सत्तर घरांची आली. खूप नाही, पण रोख आहे.

इन्स्टाग्रामवर मुलानं आप्पांचा हळकुंड मोडतानाचा व्हिडिओ टाकलाय. चेहरा दाखवायचा नाही ही आप्पांची अट, म्हणून फक्त हात आणि आवाज. जाहिरातीला पैसे घातले नाहीत.

ग्रॅच्युइटीचं दिरांशी बोलणं झालं. अठरा वर्षांचा वाटा दुकानातून द्यायला ते तयार झाले, सासूबाई समोर बसल्या होत्या म्हणून लवकर झाले. आप्पांना लेखी दिलं, नामनिर्देशनाचा फॉर्मही भरून घेतला. समितीचं काम अजून बाकी आहे. मिरजेच्या ताई, बाहेरची सदस्य कशी शोधायची ते सांगाल का?

मिरजेची_लेक

महिलांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या कायद्याची माहिती असलेली वकील चालते. समितीत निम्म्याहून कमी बायका असता कामा नयेत, आणि अध्यक्ष म्हणून तुमच्याकडची वरिष्ठ बाई हवी. निरोप पाठवते, मिरजेतल्या एक-दोघी सुचवीन.

विश्रामबागेतून

ताई, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमच्या मंडळाला दीडशे पिशव्या लागतील, ५० ग्रॅमच्याच. नव्या हळदीच्या मिळतील ना?

हळदीचं_जातं

आप्पांना विचारलं. म्हणाले, पहिल्या सौद्यांतला माल थोडा ओला असतो, त्याची घाई नको. फाल्गुनात चांगला वाळलेला बघून घेऊ. चैत्रातल्या तृतीयेला जमणार नाही, पण अक्षय्य तृतीयेच्या आधी पंधरा दिवस तुमच्या दारात पिशव्या येतील. चालेल ना?

विश्रामबागेतून

चालेल. आमचं हळदीकुंकू महिनाभर कधीही होतं. पण दीडशेच्या दोनशे करा.